‘कालपर्यंत चालत होतं’: लिनक्सवरच्या प्रोग्रामला पायथॉनचं किमान व्हर्जन ठरवताना होणारा घोळ

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम मी बरीच वर्षं सांभाळतोय. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, लिनक्सवर चालणारा, फुकट. जिथे जुन्या डीटीपी फायलींचे ढीग पडलेत अशा छापखान्यांत आणि शाळांत तो वापरतात. नवं रिलीज काढलं की चार-आठ दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो येतो. तिरका, मॉनिटरवर ट्यूबलाइटची रेघ, आणि काळ्या टर्मिनलमध्ये शेवटची ओळ: ‘टाइपएरर: टाइप ऑब्जेक्ट इज नॉट सबस्क्रिप्टेबल’. फोटोखाली एवढंच, “सर, हे काय येतंय? कालपर्यंत चालत होतं.”

चालत होतं हे खरं. मी मधल्या काळात लॅपटॉपवर उबुंटू या लिनक्सचं २२.०४ टाकलं, त्यात पायथॉन ३.१० आलं, आणि हात सवयीने नवं लिहायला लागले. समोरच्याकडे उबुंटू २०.०४, म्हणजे पायथॉन ३.८. प्रोग्रामला किमान कुठलं पायथॉन लागतं हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून पिपनेही (पायथॉनचे प्रोग्राम उतरवून बसवणारं साधन) निमूटपणे ते रिलीज उतरवून दिलं. हा घोळ मी चार वेळा घातलाय, दर वेळी जरा वेगळ्या तऱ्हेने. पाचव्यांदा घालू नये म्हणून, आणि तुमच्यापैकी कुणी प्रोग्राम वाटत असेल तर त्याच्यासाठी, हे लिहून ठेवतोय. (आज्ञा आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच रोमन.)

एररवरून पायथॉन ओळखा

फोटोतली शेवटची ओळ नीट वाचली तर समोरच्याकडे कुठलं पायथॉन आहे हे बहुतेक वेळा न विचारता कळतं.

वरचा ‘सबस्क्रिप्टेबल’वाला एरर ३.८ किंवा त्याहून जुन्या पायथॉनवर येतो. ‘लिस्ट’ला चौकोनी कंस जोडून ‘ही स्ट्रिंगची यादी आहे’ असं लिहायची सोय ३.९ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये आली. दोन प्रकारांच्या मध्ये उभी रेघ घालून ‘हा किंवा तो’ म्हणायची सोय ३.१० ची, ती ३.९ वर नेली की ‘अनसपोर्टेड ऑपरंड टाइप’ अशी तक्रार येते. ‘टॉमललिब नावाचं मॉड्यूल नाही’ असं आलं तर पायथॉन ३.११ च्या खालचं आहे.

‘मॅच’चं प्रकरण जरा फसवं. हे वाक्य ३.१० मध्ये आलं. त्याआधीच्या पायथॉनला ‘मॅच’ हा कुठल्यातरी व्हेरिएबलचा साधा शब्द वाटतो, म्हणून सिंटॅक्सएररचं टोक ‘मॅच’कडे न दाखवता त्याच्या पुढच्या शब्दाखाली दाखवलं जातं. माणूस मग त्या बिचाऱ्या पुढच्या शब्दात चूक शोधत बसतो. मी स्वतः अर्धा तास बसलो होतो, तेही स्वतःच्याच कोडमध्ये.

आता उलटी बाजू. ‘डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल नाही’ असा एरर आला तर पायथॉन जुनं नाही, नवं आहे. ३.१२ मध्ये ते मॉड्यूल काढून टाकलं. ‘सीजीआय’ आणि ‘टेलनेटलिब’ ३.१३ मध्ये गेली. अशा माणसाला “पायथॉन अपग्रेड करा” म्हणून सांगितलंत तर तो आणखी खोलात जाईल. तेव्हा आधी ठरवा, गाडी कुठल्या बाजूने घसरली आहे.

खात्री करायची तर टर्मिनलवर ‘पायथॉन३’ आणि पुढे दोन डॅश लावून ‘व्हर्जन’ टाइप करायला सांगा, आणि ‘कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज’च्या पहिल्या दोन-तीन ओळी मागवा. दुसरी माहिती पहिलीपेक्षा महत्त्वाची, कारण पुढचा सगळा निर्णय डिस्ट्रोवर, म्हणजे कुठल्या नावाचं लिनक्स बसवलंय त्यावर, आहे. लिनक्स मिंट असेल तर खालचं उबुंटू बघा: मिंट २० म्हणजे २०.०४, २१ म्हणजे २२.०४, २२ म्हणजे २४.०४. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर बांधलेलं आहे, तिथे खालचं डेबियन कुठलं ते पाहायचं.

पाटी दाराच्या आतल्या बाजूला

पहिल्या घोळानंतर मी शहाणपणा केला. मुख्य फायलीत सगळ्यात वर तपासणी घातली: पायथॉनचं व्हर्जन कमी असेल तर ‘या प्रोग्रामला पायथॉन ३.१० लागतं’ असं मराठीत सांगायचं आणि थांबायचं. हा निरोप एकाही माणसाला दिसला नाही. फोटो येत राहिले, सिंटॅक्सएररचेच.

कारण साधं होतं. पायथॉन आधी अख्खी फाइल वाचून तिचं व्याकरण तपासतं, आणि मगच पहिली ओळ चालवतं. त्याच फायलीत खाली कुठेतरी ‘मॅच’ असेल तर जुनं पायथॉन तिथेच अडतं. वरच्या तपासणीची पाळीच येत नाही. पाटी लावली खरी, पण दाराच्या आतल्या बाजूला. (‘लिस्ट’च्या चौकोनी कंसाचं तसं नाही. व्याकरण म्हणून ते जुन्या पायथॉनलाही मान्य असतं, ओळ चालवायच्या वेळी ते फुटतं. म्हणून तिथे वरची तपासणी चालते, आणि म्हणूनच “माझ्याकडे तर तपासणी चालते की” असा गैरसमज होतो.)

उपाय असा: सुरुवात करून देणारी एक वेगळी छोटी फाइल ठेवा. तिच्यात फक्त तपासणी, आणि तपासणी पास झाली तरच खऱ्या प्रोग्रामची आयात. ही फाइल इतक्या जुन्या पद्धतीने लिहा की पायथॉन २.७ लाही वाचता यावी. एफ-स्ट्रिंगसुद्धा नको, कारण ती ३.६ पासूनची.

इथे मराठी माणसाची खास गंमत आहे. निरोप देवनागरीत लिहिलात तर पायथॉन २ फायलीतलं पहिलं अक्षर पाहूनच ‘नॉन-आस्की कॅरेक्टर’ म्हणून सिंटॅक्सएरर देतं, वर ‘कोडिंग: युटीएफ-८’ची ओळ नसेल तर. ती ओळ घातली की पुढचा अडथळा: ३.६ वर, लोकॅल (यंत्राची भाषा-लिपीची सेटिंग) ‘सी’ असेल तर, देवनागरी छापतानाच युनिकोडएन्कोडएरर. हे ३.७ पासून सुधारलं, पण आपला निरोप तर जुन्यांसाठीच आहे! म्हणून मी आता पहिली ओळ साध्या इंग्रजीत छापतो आणि मराठी निरोप त्यानंतर.

आवृत्तीची तुलना कधीही मजकूर म्हणून करू नका. अक्षरांच्या हिशोबात ‘३.१०’ हे ‘३.९’च्या आधी येतं, कारण एक हा नऊच्या आधी. ‘सिस’मधल्या व्हर्जन-इन्फोची तुलना आकड्यांच्या जोडीशी करायची, म्हणजे तीन आणि दहा हे दोन वेगळे आकडे म्हणून.

याच दहाने मला आणखी एकदा रडवलं. रिलीजच्या आधी आपोआप चाचण्या चालाव्यात म्हणून यामल नावाच्या मांडणीतल्या सेटिंगच्या फायलीत पायथॉनची व्हर्जन लिहिली होती: ३.८, ३.९, ३.१०. तिसरी चाचणी ‘पायथॉन ३.१ सापडत नाही’ म्हणून पडायची. मी फायलीत ३.१० स्वच्छ बघतोय आणि यंत्र म्हणतंय ३.१. यामलने तो दशांश आकडा मानला होता, आणि दशांशाच्या पुढच्या शून्याला किंमत नाही. अवतरणचिन्हांत घातलं की सुटलं. ३.२० येईल तेव्हा पुन्हा कुणीतरी यात पडेलच.

लॅबमधलं टर्मिनल

एररचा अर्थ न सांगता नुसतं “नवं पायथॉन लागेल” म्हटलं की काय होतं, ते एका शाळेच्या लॅबने मला शिकवलं. तिथल्या सरांनी इंटरनेटवर वाचून २०.०४ वर शेजारी पायथॉन ३.१० टाकलं. इथवर ठीक. मग ‘पायथॉन३’ म्हटलं की नवंच चालावं म्हणून ‘/युएसआर/बिन/पायथॉन३’ हा दुवा त्यांनी नव्याकडे वळवला. माझा प्रोग्राम चालला. दुसऱ्या दिवशी टर्मिनलच्या चित्रावर क्लिक केलं तर काहीच उघडेना, आणि अपडेट करायला गेलं की ‘अ‍ॅप्ट_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही’.

उबुंटूची स्वतःची बरीच कामं त्याच पायथॉनवर चालतात. ग्नोम टर्मिनल सुरू करणारी स्क्रिप्टसुद्धा तिथे पायथॉनमध्ये लिहिलेली आहे. अ‍ॅप्टचं पायथॉन मॉड्यूल सी भाषेतून ३.८ साठीच बांधलेलं असतं, ३.१० ते उचलत नाही. डिस्ट्रोचं पायथॉन घरच्या वायरिंगसारखं असतं, वापरायला आपलं, पण भिंतीतली तार ओढायची नाही.

कुणी हे करून बसलं असेल तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून साध्या कन्सोलवर जा, लॉगिन करा. ‘अपडेट-आल्टर्नेटिव्ह्ज’ वापरलं असेल तर आधी ‘रिमूव्ह-ऑल’ने ती नोंद काढा, आणि मग सुडोने ‘एलएन’, पुढे डॅश एसएफ, ‘पायथॉन३.८’, ‘/युएसआर/बिन/पायथॉन३’. नवं पायथॉन शेजारी राहिलं तरी हरकत नाही, त्याला त्याच्या पूर्ण नावाने, ‘पायथॉन३.१०’ म्हणून हाक मारायची.

डेबियन १२ पासून दुसरा प्रकार दिसतो. साधं पिप वापरायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार मिळतो, आणि खाली सक्ती करायचा पर्यायही लिहिलेला असतो. त्या पर्यायाच्या नावातच ‘ब्रेक’ आहे हे लक्षात घ्या. पिपएक्स वापरा किंवा व्ही-एन्व्ह बनवा, म्हणजे प्रोग्राम डिस्ट्रोच्या पायथॉनला न लागता स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसतो. उबुंटू-डेबियनवर व्ही-एन्व्ह बनवताना ‘एन्शुअरपिप’ नाही असं आलं तर घाबरू नका, ‘पायथॉन३-व्हीएन्व्ह’ हे पॅकेज तिथे वेगळं टाकावं लागतं.

आकडा कुठून आणायचा

सुरुवातीला मी भाषेकडे बघून आकडा ठरवायचो: मला अमुक सोय आवडते, ती तमुक व्हर्जनमध्ये आली, म्हणून तमुक. नंतर काही दिवस पायथॉनच्या स्वतःच्या वेळापत्रकाकडे बघून. ३.९ पासून दर ऑक्टोबरात नवं व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं आधार मिळतो. ३.८ चा ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, ३.९ चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. हिशोब सोपा वाटतो: आधार संपला, सोडून द्या.

पण लिनक्सवर लोक पायथॉन पायथॉनकडून घेत नाहीत, डिस्ट्रोकडून घेतात. आणि डिस्ट्रोचं कॅलेंडर वेगळं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९, आणि त्यावरून निघालेले रॉकी व आल्मा, यांचं ठरलेलं पायथॉन ३.९ आहे. पायथॉनवाल्यांच्या लेखी ते संपलं. रेड हॅट मात्र त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या घालत २०३२ पर्यंत सांभाळणार आहे. रेड हॅट ८ मध्ये तर सिस्टीमसाठी ३.६ बसलेलं आहे, आणि त्याची मुदत २०२९. “ते पायथॉन मेलंय” असं तिथल्या अ‍ॅडमिनला सांगितलंत तर तो पैसे भरल्याची पावती दाखवेल, आणि बरोबरच असेल.

म्हणून आता मी उलटीकडून मोजतो. माझा प्रोग्राम वापरणाऱ्यांकडे काय-काय आहे ते आधी. उबुंटू २०.०४ वर ३.८, २२.०४ वर ३.१०, २४.०४ वर ३.१२. डेबियन ११ वर ३.९, १२ वर ३.११, १३ वर ३.१३. रेड हॅट ९ वर ३.९, १० वर ३.१२. यातली ज्यांची मुदत शिल्लक आहे त्यांतलं सगळ्यात खालचं पायथॉन म्हणजे माझा आकडा. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. डेबियन ११ ला दीर्घ मुदतीचा आधार ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. रेड हॅट ९ तर आहेच. आकडा येतो ३.९.

रेड हॅट ८ मी यात धरलं नाही, कारण तिथे डीएनएफवरून (रेड हॅटचं पॅकेज बसवायचं साधन) ३.११ आणि ३.१२ अधिकृतपणे शेजारी टाकता येतात, आणि माझा प्रोग्राम निव्वळ कमांड लाइनचा आहे. तुमचा खिडक्या-बटणांचा असेल, त्या काढायला जीटीके ही लायब्ररी वापरत असेल, तर हा मार्ग बंद धरा. त्यासाठी लागणारं ‘जीआय’ मॉड्यूल डिस्ट्रोने बांधलेलं असतं ते तिच्या ठरलेल्या पायथॉनसाठीच. उबुंटूवर डेडस्नेक्सच्या पीपीएमधून (उबुंटूबाहेरच्या लोकांनी ठेवलेला पॅकेजांचा साठा) नवं पायथॉन आणलं तरी ‘जीआय’ त्याच्यासोबत येत नाही. अशा प्रोग्रामला डिस्ट्रोचं ठरलेलं पायथॉन हेच पायथॉन.

३.१० वरून ३.९ वर उतरायला मला किती काम पडलं? एक संध्याकाळ. दोन ‘मॅच’ची ‘इफ-एलिफ’ केली. उभ्या रेघा बहुतेक ठिकाणी फायलीच्या वर ‘फ्रॉम फ्युचर इम्पोर्ट अ‍ॅनोटेशन्स’ लिहून सुटल्या. तेव्हा पायथॉन त्या प्रकारांचं गणित करतच नाही. एका ठिकाणी प्रकाराला वेगळं नाव देऊन ठेवलं होतं, ती ओळ मात्र पायथॉन खरोखर चालवतं, तिथे ‘युनियन’ लिहावं लागलं. टॉमललिबच्या जागी ३.११ च्या खाली त्याच कामाची ‘टॉमली’ ही लायब्ररी ओढायची अट घातली. एवढ्यासाठी मी दोन वर्षं लोकांना नाही म्हणत होतो.

तुमच्या लायब्ररींचा आकडाही बघा. आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीच्या २.० ला ३.९ चालतं, २.१ ला ३.१० लागतं. वैज्ञानिक लायब्ररी साधारण तीन वर्षांत जुनं पायथॉन सोडतात असा त्यांचा जाहीर शिरस्ता आहे. तुम्ही ३.९ म्हणालात आणि लायब्ररीची अट ‘किमान २.१’ ठेवलीत, तर तुमच्या ३.९ ला अर्थ उरत नाही.

लिहायचा कुठे, आणि काय लिहायचं नाही

माहितीपत्रकात लिहिलेलं कुणी वाचत नाही. प्रोग्रामची माहिती ठेवणाऱ्या ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ फायलीत ‘रिक्वायर्स-पायथॉन’ समोर ‘मोठं किंवा समान ३.९’ लिहा. ते पिप वाचतं, २०१६ च्या ९.० पासून. याचा खरा फायदा असा की ३.८ वाल्याला नकार मिळत नाही. पिप मागे जाऊन त्याला चालणारं शेवटचं रिलीज शोधून देतं. त्यासाठी जुन्या रिलीजवरही आकडा बरोबर हवा. माझ्या एका रिलीजवर तो नव्हताच, त्यामुळे ३.८ वाल्यांना नेमकं तेच मिळायचं. ते पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून उतरवतं त्या साठ्यावर, ‘यँक’ केलं. यँक केलेलं रिलीज पिप आपणहून उचलत नाही, पण ज्याने नेमकं तेच व्हर्जन मागितलंय त्याचं काम अडत नाही. डिलीट केलं असतं तर अडलं असतं.

वरची मर्यादा मात्र लिहू नका. मी एकदा काळजीपोटी ‘३.१२ पेक्षा लहान’ लिहिलं, म्हटलं अजून तपासलेलं नाही. २४.०४ वाल्या एका छापखान्यात पिपने काय केलं? ज्या जुन्या रिलीजवर मर्यादा नव्हती तिथवर मागे गेलं आणि ते बसवलं. ते डिस्टयुटिल्स वापरत होतं. म्हणजे ज्या माणसाला वाचवायला मर्यादा घातली त्यालाच सगळ्यात मोडकं रिलीज मिळालं, आणि नवीन रिलीज तिथे कदाचित तसंच चाललं असतं.

आकडा लिहिला की त्यावर प्रत्यक्ष चालवून बघा. व्हर्मिन नावाचं साधन कोड वाचून किमान पायथॉन सांगतं, पहिल्या चाळणीला ते चांगलं. पण मी डेबियन ११ आणि रॉकी ९ च्या कंटेनरमध्ये (आपल्याच यंत्रावर वेगळं चालणारं कोरं लिनक्स समजा) रिकाम्या अवस्थेपासून प्रोग्राम बसवून एक फाइल बदलून पाहतो. पायथॉनचं तयार ३.९ कंटेनर घेऊ नका. डेबियनने पायथॉनचे तुकडे वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवलेत, तिथे जे सापडत नाही ते या तयार कंटेनरमध्ये सगळं असतं, आणि नेमकी तीच चूक तुमच्यापासून लपते. २४.०४ आल्यावर मी एफ-स्ट्रिंगच्या आत तेच अवतरणचिन्ह पुन्हा वापरायला लागलो होतो. ३.१२ ला ते चालतं, ३.९ ला सिंटॅक्सएरर. हे डेबियन ११ च्या कंटेनरनेच पकडलं.

त्या लॅबमधली यंत्रं अजून २०.०४ वरच आहेत. पिपने त्यांना ३.८ वर चालणारं शेवटचं रिलीज दिलंय. गेल्या महिन्यात सरांचा फोटो आला तेव्हा मी एरर शोधायला लागलो, तर तो युनिकोडमध्ये आलेल्या जुन्या वार्षिक अंकाचा होता. ट्यूबलाइटची रेघ तशीच.